मास्टर्स ऑफ ईव्हिल

मास्टर्स ऑफ ईव्हिल : मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांत १९६४ पासून वारंवार अवतरणारी खलनायकांची टोळी आणि ‘ॲव्हेंजर्स’ या महानायकांच्या संघाची परंपरागत प्रतिस्पर्धी. नाव कायम राहिले, तरी नेता, सदस्य आणि उद्दिष्ट प्रत्येक पुनर्रचनेत बदलत गेल्याने ही एकच टोळी मानावी की एकाच नावाच्या अनेक टोळ्या, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकन कॉमिक्सच्या मुखपृष्ठावर छापलेला महिना प्रत्यक्ष विक्रीच्या साधारणतः दोन महिने पुढचा असे. प्रस्तुत नोंदीतील महिने मुखपृष्ठावरचे आहेत.

पूर्वपीठिका : खलनायकांनी नायकांविरुद्ध जूट करावी, ही कल्पना मार्व्हलपूर्वीची आहे. फॉसेट प्रकाशनाच्या ‘कॅप्टन मार्व्हल ॲडव्हेंचर्स’मध्ये १९४३ ते १९४५ या काळात क्रमशः आलेल्या कथेत ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ ईव्हिल’ ही टोळी आढळते. तिचा म्होरक्या मिस्टर माइंड प्रारंभी केवळ आवाजातून जाणवतो आणि पुढे तो एक इवलासा किडा असल्याचे उघड होते. काही अभ्यासक आद्यत्वाचा मान या टोळीला देतात. दुसरे मत ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या ३७ व्या अंकातील (ऑक्टोबर १९४७) ‘इन्जस्टिस सोसायटी’च्या बाजूचे आहे. मॉन्स्टर सोसायटीचा लढा मुख्यतः एका नायकाशी होता, तर इन्जस्टिस सोसायटी ‘जस्टिस सोसायटी’ या संपूर्ण संघासमोर प्रतिसंघ म्हणून उभी राहिली. मास्टर्स ऑफ ईव्हिलची रचना ध्यानात घेता हे दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटते. तथापि त्यापासून थेट प्रेरणा घेतली असे म्हणण्याऐवजी १९६४ या वर्षाकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्या वर्षी मार्च महिन्यात मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ मालिकेत ‘ब्रदरहूड ऑफ ईव्हिल म्यूटन्ट्स’ आणि प्रतिस्पर्धी डीसी कॉमिक्सच्या ‘डूम पट्रोल’मध्ये ‘ब्रदरहूड ऑफ ईव्हिल’ अशा दोन टोळ्या एकाच वेळी अवतरल्या. जुलैमध्ये मास्टर्स ऑफ ईव्हिल आणि ऑगस्टमध्ये डीसीची ‘क्राइम सिंडिकेट’ आली. स्पायडर-मॅनच्या पहिल्या वार्षिकांकातील ‘सिनिस्टर सिक्स’ही याच वर्षातली. महानायकांचे संघ लोकप्रिय होताच त्यांना तुल्यबळ विरोधक पुरवण्याची गरज दोन्ही संस्थांना भासली, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

निर्मिती : ‘द ॲव्हेंजर्स’च्या सहाव्या अंकात (जुलै १९६४) ही टोळी प्रथम दिसते. अंकावर लेखक म्हणून स्टॅन ली आणि चित्रकार म्हणून जॅक कर्बी यांचे नाव आहे. मात्र त्या काळच्या मार्व्हलमध्ये लेखक कथेची केवळ रूपरेषा सांगे, चित्रकार प्रसंगांची मांडणी करून पाने रेखाटी आणि संवाद त्यानंतर लिहिले जात. त्यामुळे टोळीची कल्पना मूळ कोणाची, हा वाद ली–कर्बी यांच्या इतर निर्मितींप्रमाणे येथेही उद्भवतो. कर्बी यांनी जो सायमन यांच्यासह कॅप्टन अमेरिका हे पात्र १९४१ मध्ये घडवले होते आणि दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः युरोपच्या आघाडीवर होते, याकडे बोट दाखवून काही जण टोळीचा नाझी सूत्रधार बॅरन झेमो याच्या कल्पनेचे श्रेय प्रामुख्याने कर्बींना देतात. उपलब्ध अंकांवरून संयुक्त निर्मिती मानणेच सुरक्षित होय. सूत्रधार झेमोच्या पहिल्या दर्शनाविषयीही असाच पेच आहे : ली आणि डिक एअर्स यांच्या ‘सार्जंट फ्यूरी’ या युद्धकथामालिकेच्या आठव्या अंकात तो येतो आणि त्या अंकावरही जुलै १९६४ हाच महिना छापलेला आहे.

पहिल्या टोळीची जुळणी हेतुपूर्वक केलेली आहे. बॅरन हाइनरिख झेमो हा कॅप्टन अमेरिकाचा वैरी. मेल्टर आयर्न मॅनचा, रेडिओॲक्टिव्ह मॅन थॉरचा आणि नेथन गॅरेट हा ब्लॅक नाइट जायंट-मॅनचा. शेवटचे तिघे त्या त्या नायकाच्या स्वतंत्र मालिकेत १९६३–६४ मध्ये आधीच पराभूत झालेले होते. यांपैकी रेडिओॲक्टिव्ह मॅन म्हणजे चेन लू हा चिनी शास्त्रज्ञ असून त्याच्या चित्रणावर शीतयुद्धाची छाया स्पष्ट आहे. झेमोने युद्धकाळात ‘ॲडहेसिव्ह एक्स’ नावाचा, कशानेही न सुटणारा चिकटपदार्थ तयार केला होता. कॅप्टन अमेरिकाच्या ढालीने त्याची टाकी फुटून तो अंगावर सांडला आणि झेमोचा बुरखा चेहऱ्याला कायमचा चिकटला. हाच पदार्थ न्यूयॉर्कवर फवारला जातो तेव्हा ॲव्हेंजर्सना उतारा सापडतो तो तुरुंगातल्या पेस्ट-पॉट पीट या दुय्यम खलनायकाच्या मदतीने; चिकटपदार्थ हेच त्याचे शस्त्र होते. अशा क्षुल्लक पात्रालाही कथेत उपयोगी जागा देण्याची ही हातोटी त्या काळच्या मार्व्हलचे खरे बलस्थान होते.

सातव्या अंकात एन्चँट्रेस आणि एक्झिक्यूशनर हे थॉरचे दोन वैरी टोळीत आले. नवव्या अंकातील (ऑक्टोबर १९६४) सायमन विल्यम्स ऊर्फ वंडर मॅन याचे स्थान वेगळे आहे. झेमोने त्याला प्रचंड शक्ती दिली, पण जिवंत राहण्यासाठी लागणारा उतारा आपल्याच हाती ठेवून त्याला ॲव्हेंजर्समध्ये हेर म्हणून पाठवले. ऐन वेळी त्याने झेमोचा कट उधळला आणि प्राण गमावला. पुढे तो परतला व ॲव्हेंजर्सचा सदस्य झाला. टोळीतील माणूस नायकांच्या बाजूला वळणे हे या कथांचे कायमचे सूत्र येथून सुरू होते. हाइनरिख झेमोचा शेवट पंधराव्या अंकात (एप्रिल १९६५) झाला : ढालीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने त्याचे डोळे दिपले, नेम चुकला आणि त्याच गोळीने कोसळलेल्या दरडीखाली तो गाडला गेला. नायक खलनायकाचा वध करीत नाही. खलनायक स्वतःच्याच कृत्याने नष्ट होतो. प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा विजय झालाच पाहिजे, असा दंडक १९५४ च्या कॉमिक्स संहितेने घातला होता. त्या चौकटीत ही मांडणी चपखल बसणारी होती.

पुनर्रचना : रॉय थॉमस आणि जॉन बुसेमा यांच्या ५४ व ५५ व्या अंकांत (जुलै–ऑगस्ट १९६८) क्रिमझन काउल या बुरखाधाऱ्याने दुसरी टोळी जमवली. बुरख्याआड अल्ट्रॉन हा यंत्रमानव असल्याचे उघड झाले आणि ॲव्हेंजर्सचा एक प्रमुख शत्रू याच कथेतून जन्मला. गॅरेटचा पुतण्या डेन व्हिटमन ब्लॅक नाइटच्या वेशात टोळीत शिरला, पण तो नायकांच्या पक्षाचा होता. तिसरी, एगहेड या खलनायकाने १९८२–८३ मध्ये जमवलेली टोळी मुख्यतः हँक पिमला (पूर्वीचा जायंट-मॅन) बदनाम करण्यासाठी होती.

चौथी टोळी सर्वांत महत्त्वाची होय. रॉजर स्टर्न, जॉन बुसेमा आणि टॉम पामर यांनी १९८६–८७ मध्ये रचलेल्या कथेत हाइनरिखचा मुलगा हेल्मुट झेमो डझनाहून अधिक खलनायक एकत्र आणतो आणि ॲव्हेंजर्सच्या न्यूयॉर्कमधील हवेलीवरच ताबा मिळवतो. आधीच्या टोळ्या संख्येने नायकांच्या बरोबरीच्या असत. येथे संख्याबळ आणि पाळत यांच्या जोरावर नायकांना एकेकटे गाठले जाते. हर्क्युलीस बेशुद्ध होईपर्यंत मार खातो, तर सेवक जार्विसचे बांधलेल्या कॅप्टन अमेरिकाच्या डोळ्यांदेखत हाल केले जातात. कॅप्टनच्या खासगी वस्तू नष्ट केल्या जातात आणि त्याच्या आईचे एकमेव छायाचित्र फाडले जाते. त्या वेळी ॲव्हेंजर्सचे नेतृत्व वास्प या नायिकेकडे होते आणि प्रतिहल्ल्याची आखणी तिचीच. विजयानंतर तो फाटलेला फोटो हाती धरून रडणारा कॅप्टन अमेरिका हे चित्र त्या दशकातील महानायककथांत अपवादात्मक आहे. नगरे उद्ध्वस्त होण्यापेक्षा घरातली एक वस्तू फाटणे अधिक हानिकारक ठरू शकते, हे स्टर्न यांनी अचूक ओळखले होते.

थंडरबोल्ट्स : १९९६ मधील कथांत ऑनस्लॉट या महाशक्तिशाली शत्रूविरुद्धच्या लढाईत ॲव्हेंजर्स मरण पावल्याचा समज पसरल्यावर ‘थंडरबोल्ट्स’ हा नवा संघ पुढे आला. कर्ट ब्युसिक आणि मार्क बॅगली यांच्या पहिल्या अंकाच्या (एप्रिल १९९७) अखेरीस हे नायक म्हणजे वेश पालटलेले मास्टर्स ऑफ ईव्हिल असल्याचे वाचकांना कळते. हेल्मुट झेमोने घेतलेले ‘सिटिझन व्ही’ हे नाव त्याच्या वडिलांनी मारलेल्या युद्धवीराचे होते. टोळीतील स्क्रीमिंग मिमी (नव्या वेशात साँगबर्ड) आणि बीटल (नव्या वेशात मॅक-१) यांना लोकांचा विश्वास हवाहवासा वाटू लागतो आणि टोळी आतूनच फुटते. वंडर मॅनपासून चालत आलेले सूत्र येथे पूर्णत्वास जाते. म्हणून नावापेक्षा झेमो पिता-पुत्रांचा धागा प्रमाण मानणारे वर्गीकरण अधिक ग्राह्य वाटते. याच मालिकेत जस्टिन हॅमर या खलनायकाच्या मुलीने क्रिमझन काउल हे नाव घेऊन निराळी टोळी उभारली.

इतर माध्यमे : २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘अर्थ्स मायटिएस्ट हिरोज’ या चलत्चित्रमालिकेत हाइनरिख झेमोच्या नेतृत्वाखालील टोळी आढळते. २०२५ च्या ‘थंडरबोल्ट्स’ चित्रपटाने संघाचे नाव घेतले, पण त्यातील सदस्य वेगळे असून झेमो त्यात नाही.