प्लॉटिंगमधली मोकळी जागा आणि जनावरांचा भ्रमणमार्ग

सह्याद्रीच्या पायथ्याशी, विशेषतः कोकणाच्या बाजूला, एन.ए. (बिगरशेती) प्लॉटची जाहिरात करताना दोन वाक्यं बहुतेक वेळा जोडीनं येतात: भरपूर मोकळी जागा सोडली आहे आणि वन्यजीवांना कसलाही धक्का नाही. पहिल्यातून दुसरं आपोआप निघतं असं वाचणाऱ्याला वाटतं. पण मोकळी जागा आणि भ्रमणमार्ग, म्हणजे जनावरांची एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची वाट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक मिळाली म्हणजे दुसरी मिळालीच असं नसतं.

मोकळ्या जागेचं माप क्षेत्रफळात होतं. २०२० सालच्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. दहा एकरांत चाळीस गुंठे. ही जागा माणसांसाठी असते, मुलांनी खेळावं, म्हाताऱ्यांनी फिरावं म्हणून, आणि त्या दृष्टीनं नियम चांगलाच आहे. फक्त ती जागा शेजारच्या गटातल्या कशाला लागून आहे, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. बऱ्याचदा प्लॉट पाडून उरलेला वाकडातिकडा कोपराच तिच्या वाट्याला येतो.

भ्रमणमार्गाला एकर-गुंठे लागू पडत नाहीत. तिथे बघायचं ते सलगपण. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या दक्षिणेला राधानगरी, मग तिलारी, पुढे गोव्यातलं म्हादई आणि कर्नाटकातली भीमगड, काळीची जंगलं. वयात आलेला नर वाघ स्वतःचा मुलूख शोधायला निघतो तो या पट्ट्यातून. ही साखळी तुटली तर उत्तरेकडच्या जंगलाला बाहेरून नवं रक्त मिळणार नाही. आणि या साखळीचे कितीतरी दुवे सातबाऱ्यावरच्या खासगी जमिनीत आहेत: दोडामार्गातल्या काजूच्या आणि रबराच्या बागा, खासगी रानं, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची झाडी. व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्रांना वन्यजीव संरक्षण कायद्यात आधार आहे. पण वाघांच्या भ्रमणमार्गांचे देशपातळीवरचे नकाशे मोठ्या पट्ट्यांचे असतात. गवे कुठल्या वहाळानं खाली उतरतात ते त्यांत सापडत नाही, ते गावातल्या गुराख्याला माहीत असतं.

दहा एकरांचा एक गट समजा. एका लेआउटमध्ये नऊ एकर हिरवे ठेवले, पण हद्दीवरून चारही बाजूंनी जाळी फिरवली. मोकळी जागा ९० टक्के, भ्रमणमार्ग शून्य. दुसऱ्यात तीनच एकर सोडले, पण ते वहाळाच्या दोन्ही काठांनी, वरच्या राखीव जंगलापासून खालच्या गटापर्यंत, मध्ये कुंपण नाही, रात्री दिवे नाहीत. सांबर, भेकर, साळिंदर यांच्या कामाचा दुसरा लेआउट आहे.

नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले आहेत, त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा. वर ट्रक धावतात, खाली काँक्रीटचे खांब. निसर्गरम्य म्हणावं असं तिथे काही नाही, तरी कॅमेऱ्यांत वाघ त्यातून जाताना टिपले गेले, कारण दोन्ही तोंडांना जंगल आहे.

उलट बाजूचा पुरावा अमेरिकेत आहे. कोलोरॅडोतल्या बोल्डर काउंटीत काही वसाहतींमध्ये घरं एकत्र बांधून बाकीची जमीन मोकळी ठेवली होती. त्यांची तुलना विखुरलेल्या घरांच्या वसाहतींशी केली गेली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पक्षी, सस्तन प्राणी, वनस्पती यांच्या बाबतीत दोन्ही बऱ्याच अंशी सारख्याच निघाल्या. खरा फरक होता तो घरंच नसलेल्या जमिनीत. म्हणून घरं एका जागी गोळा केली की काम झालं, असं मानता येत नाही.

घरं एकत्र बांधण्याच्या या पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे रँडल आरेंट हा अमेरिकन नियोजनकार. त्याचा क्रम साधा आहे: आधी राखायची जमीन नकाशावर रंगवा, मग घरांच्या जागा ठरवा, मग रस्ते, आणि प्लॉटच्या हद्दी सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे हद्दी आणि रस्ते आधी आखले जातात, राखायची जमीन शेवटी उरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अख्ख्या परिसराचा एकच नकाशा आधी करावा, म्हणजे शेजारशेजारच्या लेआउटमधल्या मोकळ्या जागा एकमेकींना मिळतील, असं आरेंट सांगतो. माझ्या मते हाच त्याच्या पद्धतीचा गाभा आहे. ग्रामपंचायत आणि नगररचना कार्यालयानं मनावर घेतलं तर एका तालुक्यापुरता असा नकाशा नक्की होऊ शकतो.

हे आधी करण्याची निकड निलगिरीतल्या सिगूर पठारावर दिसते. हत्तींच्या वाटेवर रिसॉर्ट आणि विजेची कुंपणं उभी राहिली. तमिळनाडू सरकारनं २०१० साली भ्रमणमार्ग अधिसूचित केला आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला ऑक्टोबर २०२० उजाडला. मधली दहा वर्षं हत्ती आणि माणसं, दोघांनीही भोगली.

प्लॉट घेणाऱ्यानं म्हणून टक्केवारी विचारून थांबू नये. कुंपण घरांच्या समूहाभोवती आहे की पूर्ण मिळकतीभोवती, हे विचारावं. मोकळ्या कुत्र्यांचं आणि उघड्यावरच्या खरकट्याचं काय करणार, तेही विचारावं, कारण कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो आणि मग पिंजऱ्याची मागणी होते. एप्रिल-मे महिन्यात, पाणी आटलेलं असताना, गावातल्या माहीतगाराला घेऊन वहाळ वरपासून खालपर्यंत चालून बघावा, आपली हद्द संपली तरी शेजारच्या गटात पुढे जावं. तो पट्टा कुणाच्या नावावर राहणार आणि त्यावर कधीही भिंत, जाळी किंवा क्लबहाऊस येणार नाही ही अट, दोन्ही खरेदीखतात लिहून घ्यावं. माहितीपत्रकातल्या हिरव्या रंगावर विसंबून राहू नये.