सन्मान निधी नेमका कोणाचा? यवतमाळ जिल्ह्यातील थेट मदतीची पार्श्वभूमी

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राच्या किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता यवतमाळ येथून देशभर वितरित झाला. त्याच कार्यक्रमात राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा दुसरा आणि तिसरा हप्ताही देण्यात आला. जिल्ह्यातील कापूसपट्ट्याला हे पैसे आता अंगवळणी पडले आहेत. ते कोणाच्या खात्यात पडावेत, हा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

सरकारी मदत या जिल्ह्याला नवी नाही. २००६ मध्ये आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, पण त्यातील मोठा भाग सिंचन प्रकल्प आणि थकीत कर्जावरील व्याजमाफीचा होता. २००८ च्या कर्जमाफीने पाच एकरांची मर्यादा घातली आणि कोरडवाहू सात-आठ एकरांवर जेमतेम तगणारी कुटुंबे संपूर्ण माफीला मुकली. २०१९ मध्ये सन्मान निधी सुरू झाला, तोही दोन हेक्टरांच्या मर्यादेसह. त्याच वर्षी जूनपासून ती अट उठवली गेली आणि क्षेत्राचा प्रश्न निदान कागदावर तरी संपला.

नावाचा प्रश्न मात्र उरला. योजनेच्या नियमांत लाभार्थी म्हणजे भूधारक शेतकरी कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अठरा वर्षांखालील अपत्ये. त्यामुळे सामाईक सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतील, तर अन्य निकषांत बसणारी तिन्ही कुटुंबे वर्षाला प्रत्येकी ६,००० रुपयांना पात्र ठरतात. पण जमीन एकट्या वडिलांच्या नावावर असेल, तर पहाटेपासून वखर धरणारा विवाहित मुलगा सरकारी अर्थाने शेतकरी ठरतच नाही. शिवाय मालकीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरवण्यात आली आणि वारसाहक्काचा अपवाद वगळता त्यानंतरचे फेरफार पाच वर्षे ग्राह्य धरले जाणार नव्हते. म्हणजे वडील हयात असताना झालेल्या वाटणीपत्राचा उपयोग नाही, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीचा मात्र आहे. अशी अट घालताना गावातील घरे कशी चालतात, याचा पुरेसा विचार झाला नाही, असेच म्हणावे लागते.

याहून मोठी वगळणूक दुसऱ्याची जमीन मक्त्याने, ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) कसणाऱ्यांची आहे. विदर्भासाठी १९५८ मध्ये स्वतंत्र कुळकायदा झाला आणि कसणाऱ्याला मालकीची वाट खुली झाली. तेव्हापासून कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीने मालक सहसा लेखी करार करत नाहीत. मक्ता तोंडी ठरतो, रक्कम पेरणीआधी हाती दिली जाते आणि बियाणे, खत, फवारणी यांचा सगळा खर्च करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर कुठेच येत नाही. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्याच्या भीतीनेच तो नोंदीबाहेर राहिला आणि नोंद नाही म्हणून मदतीबाहेरही. वस्तुतः केंद्राच्याच २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कूळ, बटाईदार आणि शेतमजूर यांनाही शेतकरी मानले होते. तीच व्याख्या पुढे ठेवून ओडिशाच्या कालिया योजनेप्रमाणे भूमिहीन कुटुंबांनाही सामावून घेता आले असते. पण सातबारा तपासणे सोपे म्हणून तोच निकष स्वीकारला गेला.

पुढच्या काळात ई-केवायसी (लाभार्थ्याच्या ओळखीची ऑनलाइन खातरजमा), आधार जोडणी आणि जमिनीच्या नोंदींची पडताळणी यांची भर पडली. वेचणीने आणि निंदणाने बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्ध स्त्रियांना ठसा जुळेपर्यंत यंत्रावर अंगठा पुन्हा पुन्हा टेकवावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने नमो योजनेचा पहिला हप्ता दिला, तेव्हा लाभार्थ्यांची वेगळी यादी न करता केंद्राचीच यादी आधाराला घेतली. त्यामुळे वर्षाची रक्कम १२,००० रुपये झाली, पण ज्याला ६,००० मिळत नव्हते त्याला दुसरे ६,०००ही मिळाले नाहीत. आता शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणीही सातबाऱ्यावरील नावाशीच जोडलेली आहे.