महाप्लॅजिओक्लेज बेसाल्ट

महाप्लॅजिओक्लेज बेसाल्ट : दख्खनच्या ट्रॅपमधील, म्हणजे दख्खनवर एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या थरांतील, एक ठळक प्रकारचा बेसाल्ट (लाव्हा गोठून झालेला काळा खडक). त्याच्या काळ्या, बारीक कणांच्या आधारकात (स्फटिकांभोवतीच्या मूळ दगडात) प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे पांढुरके, चपटे आणि कधी कधी कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक रुतलेले असतात. बऱ्याचदा काही स्फटिक एकमेकांत गुंतून चांदणीसारखे गुच्छ होतात.

एवढे मोठे स्फटिक वाहत्या लाव्ह्यात वाढणे शक्य नाही. जमिनीवर आलेला लाव्हा झपाट्याने निवतो. त्यात एकाच वेळी असंख्य स्फटिकबीजे तयार होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच द्रव्य येते. आधारक बारीक असतो तो यामुळेच. मोठे स्फटिक त्याआधीचे, जमिनीखालच्या शिलारसाच्या (वितळलेल्या खडकाच्या) कोठीतले. तिथे तापमान अत्यंत सावकाश उतरते, बीजे मोजकीच पडतात आणि ती वाढत राहतात. किती काळ, हे वाढीचा वेग किती धरला यावर ठरते. हिशेब शेकडो ते काही हजार वर्षांपर्यंत जातो. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या ज्वालामुखीच्या इतिहासात एवढा काळ क्षणच म्हणायचा.

या बेसाल्टात मॅग्नेशियम कमी, लोह व टायटॅनियम जास्त आढळते. अशा लोहयुक्त, जड शिलारसात हलके प्लॅजिओक्लेज तरंगून कोठीच्या छताशी साचत असावे आणि उद्रेकात शिलारस या स्फटिकांसह बाहेर पडत असावा, असे मानले जाते. हे थर सह्याद्रीत ठरावीक पातळ्यांवरच सापडतात, त्यामुळे नकाशे करणाऱ्या भूवैज्ञानिकांना ते खुणेचे थर म्हणून फार उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, गिरवली येथील थराने भीमाशंकर शैलसमूहाचा (एकत्र गणलेल्या लाव्हाथरांच्या गटाचा) माथा ओळखला जातो.

महाराष्ट्रातले प्रसिद्ध स्फटिक मात्र वेगळे. पुण्याच्या पाषाण टेकड्यांतले हिरवे अॅपोफिलाइट, वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट किंवा नाशिक-जळगावकडचे स्टिल्बाइट व स्कोलेसाइट हे लाव्हा गोठल्यानंतरचे. वायूच्या बुडबुड्यांनी दगडात ठेवलेल्या पोकळ्यांत गरम, क्षारयुक्त पाणी झिरपले आणि त्यातून ते वाढले. काही तर लाव्हा गोठून लाखो-कोट्यवधी वर्षे उलटल्यावर. दोन्हींची गल्लत सहज होते, पण खाणीत फरक ओळखणे अवघड नाही. पोकळीतले स्फटिक भिंतीला चिकटून आतल्या मोकळ्या जागेकडे टोके करून उभे असतात, तर फेल्डस्पारभोवती चहूबाजूंनी घट्ट काळा दगड असतो.