परसातल्या घरावर सोलर आलं कुठून?

कॅलिफोर्नियात घरामागच्या अंगणात स्वतंत्र छोटं घर बांधायला काढलं की छपरावर सोलर पॅनलचा विषय येतोच. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी कुटुंबांचा हिशेब साधा असतो: आई-बाबा सहा महिने येतात, त्यांना वेगळी खोली आणि वेगळं बाथरूम हवं, एरवी भाड्याने देता येईल. त्यात हे सोलर मध्येच कुठून उपटलं?

गंमत अशी की नव्या घरावर सोलर हवंच, हा नियम परसातल्या घरांसाठी कुणी केलाच नव्हता.

१९७३च्या तेलटंचाईनंतर, १९७४ साली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने कॅलिफोर्निया ऊर्जा आयोग स्थापन झाला. १९७८मध्ये इमारतींसाठी वीजबचतीचे पहिले मापदंड आले. भिंतीत इन्सुलेशन किती, काचा कशा, असा तो मामला. ‘टायटल २४’ नावाने ओळखली जाणारी ही नियमावली साधारण दर तीन वर्षांनी कडक होत गेली. सोलर मात्र बरीच वर्षं ऐच्छिकच होतं. २००६च्या ‘दहा लाख सौर छपरं’ कायद्यातही भर अनुदानावर होता. सक्तीची सुरुवात गावपातळीवर झाली. वाळवंटाच्या कडेला असलेल्या लँकेस्टर शहराने २०१३मध्ये नव्या घरांना सोलर बंधनकारक केलं. ९ मे २०१८ रोजी ऊर्जा आयोगाने तेच राज्यभर लागू करायचं ठरवलं. आयोगाचं गणित असं: नव्या मापदंडांमुळे घराची किंमत सुमारे ९,५०० डॉलरने वाढेल, म्हणजे कर्जाचा हप्ता महिन्याला ४० डॉलरने जास्त, पण विजेचं-गॅसचं बिल ८० डॉलरने कमी. डोळ्यांसमोर होतं ते बिल्डरने माळरानावर ओळीने उभं केलेलं घर.

परसातल्या घराची कथा वेगळ्याच खात्यात चालू होती. १९८२पासून अशा दुसऱ्या घराला कायद्यात जागा होती, पण पार्किंग दाखवा, शुल्क भरा, असल्या अटींनी शहरं त्याचा जीव काढत. घरटंचाई हाताबाहेर गेल्यावर २०१६मध्ये राज्याने शहरांचे हात बांधायला घेतले आणि २०१९मध्ये ते पुरते बांधले: ६० दिवसांत परवानगी, ७५० चौरस फुटांखालच्या घराला विकास शुल्क माफ. घर स्वस्तात आणि पटकन उभं राहावं, हा उद्देश.

हे कायदे लागू झाले १ जानेवारी २०२० रोजी. सोलरची सक्तीही त्याच दिवशी. एका हाताने शुल्क माफ, दुसऱ्या हाताने पॅनलचा खर्च!

आता सगळं व्याख्येवर आलं. परसात सुटं उभं राहिलेलं घर म्हणजे ‘नवं बांधकाम’, म्हणून सोलर हवं. तेवढीच खोली मूळ घराच्या भिंतीला टेकवून काढली तर ती ‘वाढीव बांधकाम’, तिला सक्ती नाही. गॅरेजचं घर केलं तरी नाही. त्यातून, पॅनलची क्षमता ठरवायच्या सूत्रात क्षेत्रफळाशिवाय प्रत्येक घरामागे एक ठरावीक आकडा असतो, त्यामुळे घर जितकं लहान तितका चौरस फुटामागे भार जास्त.

१ जानेवारी २०२३पासून यात सवलत आली. सूत्रानुसार १.८ किलोवॅटहून कमी क्षमता निघाली तर सोलर नको. राज्याचे हवामानानुसार १६ विभाग आहेत आणि सूत्रातले आकडे विभागागणिक बदलतात. ५०० चौरस फुटांच्या घराला सॅन होजेत दीड किलोवॅटच्या आसपास आकडा निघतो, म्हणजे सुटका. तेच घर पाम स्प्रिंग्जच्या उन्हात नेलं की सव्वादोन किलोवॅटच्या पुढेमागे जातं, आणि पॅनल चढवावे लागतात. माझ्या मते ही सवलत पहिल्याच दिवशी हवी होती.

पण तोवर ४० विरुद्ध ८० डॉलरचं गणितही हललं होतं. खासगी वीज कंपन्यांच्या ग्राहकांनी १५ एप्रिल २०२३पासून पुढे सोलरसाठी अर्ज केला, तर ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला आधीच्या सुमारे पाव भागावर आला. वीज दुपारी तयार होते आणि भाडेकरू तेव्हा ऑफिसात. म्हणजे बॅटरी घ्या, नाहीतर ती स्वस्तात सोडून द्या. पाम स्प्रिंग्जमध्ये निदान दुपारचा एसी तरी ती वीज खातो.