कागदपत्र स्कॅनरची निवड

कागदपत्र स्कॅनर : कागदावरील मजकूर, शिक्के व सह्या प्रकाशसंवेदकाने टिपून त्यांची डिजिटल प्रतिमा तयार करणारे यंत्र. घरासाठी किंवा लहान कार्यालयासाठी ते घेताना वेग आणि किंमत नंतर पाहावी. आधी आपल्याकडचे कागद कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहावे.

पुण्यात ही गोष्ट विशेष जाणवते. शिवाजीनगर न्यायालयात काम करणारे वकील, सनदी लेखापाल किंवा गृहनिर्माण संस्थेची कचेरी यांच्याकडचे बहुतेक कागद सुटे, नवे आणि ए-४ मापाचे असतात. त्यांना फीडर, म्हणजे पाने आपोआप आत घेणारी सोय, असलेला स्कॅनर सोयीचा. रबरी रोलर एकेक पान ओढून घेतो आणि चांगल्या यंत्रात एकाच फेरीत दोन्ही बाजू टिपल्या जातात. दोन पाने एकदम ओढली गेली, तर ध्वनिलहरींवर चालणारा संवेदक यंत्र थांबवतो. पावसाळ्यात दमट कागद एकमेकांना चिकटतात, तेव्हा ही सोय फारच मोलाची. तिच्याविना मधले पान गाळले गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. रोलर झिजतात, म्हणून त्यांचे सुटे भाग मिळतात का, हे खरेदीपूर्वी विचारावे.

पेठांतल्या जुन्या घरांत वेगळे कागद निघतात : घड्यांवर विरलेली खरेदीखते, वाटणीपत्रे, मोडीतले कागद. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले होते. एकदा भिजून वाळलेला कागद तर फारच जपावा लागतो. असे कागद फीडरमध्ये कधीही घालू नयेत. त्यांना सपाट काचेचा स्कॅनरच हवा. त्यातही संवेदक कोणता, हे महत्त्वाचे. सीआयएस (काचेलगत बसवलेल्या) संवेदकाची यंत्रे पातळ व स्वस्त असतात, पण काचेपासून जरा उचललेला भाग ती धूसर टिपतात. बांधीव वह्या आणि सुरकुतलेल्या पानांसाठी सीसीडी (आरसे व भिंगातून प्रतिमा घेणारा) संवेदक सरस ठरतो.

मापाची अडचण अनेकांना घरी आल्यावर कळते. जुने दस्त बहुधा लीगल मापाचे, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर लांबीचे असतात, तर ए-४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. बहुतेक घरगुती यंत्रांची काच ए-४ एवढीच असल्याने दस्ताचा तळ बाहेर राहतो, आणि सह्या व शिक्के नेमके तिथेच असतात.

छापील मजकुराला ३०० डीपीआय (दर इंचातील बिंदू) पुरेसे आहे. बारीक अक्षर, पुसट शाई किंवा छायाचित्र असेल तर ६०० घ्यावे. मात्र त्यात बिंदूंची संख्या चौपट होते आणि फाइलही त्याच मानाने वाढते. जाहिरातीतला मोठा आकडा पुष्कळदा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो, म्हणून ‘ऑप्टिकल’, म्हणजे संवेदकाची प्रत्यक्ष, क्षमता तेवढी पाहावी. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर प्रतिमेतली छापील मराठी अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करते. मोडी हस्तलिखितासाठी जाणकाराकडेच जावे लागते. स्वच्छ रंगीत प्रत मिळाली, तर त्याचे काम सोपे होते. जुना कागद कृष्णधवल टिपू नये, कारण शाई आणि डाग यांतला फरक रंगातच दिसतो.

दीर्घकाळ ठेवायच्या प्रती पीडीएफ/ए, म्हणजे जतनासाठी ठरवलेल्या पीडीएफच्या, स्वरूपात कराव्यात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात मांडताना कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे स्कॅन झाल्यावर मूळ दस्त नष्ट करू नये.