ल्यों : रेशमाच्या मागांनी घडवलेलं शहर

रोन आणि सोन नद्यांच्या संगमाजवळ, फुर्व्हिएरच्या टेकडीवर, इ.स.पूर्व ४३ मध्ये रोमनांनी लुग्दुनुम ही वसाहत वसवली. तेच आजचं फ्रान्समधलं ल्यों. सम्राट क्लॉडियस इथेच जन्मला. टेकडीवरच्या रोमन नाट्यगृहात अजूनही उन्हाळ्यात कार्यक्रम होतात.

पण शहराला खरा आकार दिला तो रेशमाने. १५३६ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने इथे रेशीम विणायला सवलती दिल्या. इटलीच्या कापडावर जाणारा पैसा त्याला थांबवायचा होता. पुढे १८०४ च्या सुमारास इथल्याच जोसेफ मारी जकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एका पुठ्ठ्यामागे बाण्याचा (आडवा) एक धागा. येवल्यात पैठणीच्या मागांवर जकार्ड दिसतो, तो याच घराण्यातला.

हे माग उंच. ते मावावेत म्हणून क्रुआ-रूस टेकडीवर सुमारे चार मीटर उंचीच्या खोल्यांची घरं उठली: खाली माग, वर माळ्यावर बिऱ्हाड. या विणकरांना ‘कानू’ म्हणत. ठरलेला किमान दर द्यायला व्यापाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा १८३१ मध्ये कानूंनी उठाव केला आणि काही दिवस अख्खं शहर ताब्यात ठेवलं. १८३४ चा उठाव मात्र सैन्याने निर्दयपणे चिरडला. युरोपातल्या कामगार लढ्यांच्या इतिहासात या विणकरांना पहिल्या रांगेत जागा मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

ल्योंला गेलात तर ‘त्राबूल’ चुकवू नका. रस्त्यावरचं साधं दार ढकलायचं. अंधारा बोळ, मग चौक, गोल जिना, आणि आपण थेट पलीकडच्या गल्लीत. या वाटेने रेशमाचे तागे पावसात न भिजता नेता येत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवायलाही हेच बोळ कामी आले. नंतर जुन्या वस्तीतून मोठा रस्ता काढायचा घाट घातला गेला. नागरिकांनी तो हाणून पाडला, आणि १९६४ मध्ये ही फ्रान्समधली पहिली संरक्षित वस्ती ठरली. १९९८ मध्ये युनेस्कोची मोहोरही उमटली.

ल्योंच्याच मोंप्लेझीर भागात सिनेमाचे आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांचा कारखाना होता. १८९५ मध्ये तिथून बाहेर पडणारे कामगार त्यांनी चित्रित केले. पुढच्याच वर्षी, ७ जुलैला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे चित्रपट दाखवले गेले. त्या कारखान्याच्या उरलेल्या शेडमध्ये आज चित्रपटगृह आहे.