प्रेमभंगाचा अल्बम आणि दुःखी गाण्यांची प्लेलिस्ट: मत नक्की कशावर देताय?

नाशिकच्या कॉलेज रोडवरचा कट्टा असो की पंचवटी एक्स्प्रेसमधला पासधारकांचा डबा, स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या एखाद्या गायिकेच्या प्रेमभंगाच्या अल्बमचा विषय निघाला की तीच चार मतं ऐकू येतात. सगळी गाणी सारखीच वाटतात. दोन सोडली तर बाकीची भरतीची. मध्येच ते आनंदी गाणं कशाला घातलंय कळत नाही. आणि शेवट काही जमला नाही. असं म्हणणाऱ्यांचा कान कच्चा असतो असं अजिबात नाही. त्यांनी ऐकलेली असते प्लेलिस्ट आणि मत देतात अल्बमवर, सगळा घोळ तिथे आहे.

प्लेलिस्टबद्दल फार सांगायला नको, ती सगळ्यांच्याच फोनमध्ये आहे. निरनिराळ्या गायकांची पंचवीस-तीस गाणी, मूड एकच. कुठूनही सुरू करा, कुठेही थांबा. त्यातलं एखादं गाणं काढून टाकलं तर बाकीच्यांचं काही बिघडत नाही. तिचं काम तेवढंच आहे आणि ते ती चोख करते.

अल्बमचे वरवर दिसणारे फरक किरकोळ आहेत: गाणारी एकच, गाणी आठ ते बारा, मुखपृष्ठ एक. पण एकाच गायिकेची दहा दुःखी गाणी ओळीने लावली म्हणून काही अल्बम होत नाही. फरक आहे तो एका गोष्टीत. अल्बममध्ये गाणं कितव्या जागी आहे, त्याच्या आधी काय वाजलं आणि नंतर काय येणार आहे, हाही त्या गाण्याच्या अर्थाचा भाग असतो. प्लेलिस्टमध्ये ही जागाच पुसली जाते.

मराठी ऐकणाऱ्याला ही गोष्ट अनोळखी नाही. १९५५ ते १९५६ या काळात पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक, अशी गदिमा-बाबूजींच्या गीतरामायणाची ५६ गाणी प्रसारित झाली. त्यातलं ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ आज शोकसभेत हमखास लागतं. तिथे ते मृत्यूनंतरचं सांत्वन म्हणून ऐकलं जातं. मालिकेत मात्र ते राम भरताला सांगतोय, भरत त्याला अयोध्येला परत न्यायला आलेला असताना. म्हणजे सांत्वनाच्या आत एक ठाम नकार आहे. पुढच्याच गाण्यात भरत पादुका मागतो आणि त्याच्या पुढच्यात शूर्पणखा येते, कथा आपल्या पंचवटीत उतरते. शोकसभेत ऐकणारा चुकत नाही, त्याला त्या वेळी जे हवं ते मिळतं. पण तेवढ्यावर गीतरामायणाबद्दल मत दिलं तर आपणच त्याला थांबवू. अल्बमच्या बाबतीत मात्र कुणी थांबवत नाही.

आता प्रत्यक्ष अल्बम घेऊ. कॅनडाची गायिका जोनी मिचेल हिचा ‘ब्लू’, जून १९७१. दहा गाणी, साधारण ३६ मिनिटं. प्रेमभंगाच्या अल्बमांबद्दल बोलताना हा घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि घोळही याच्याबाबत सगळ्यात जास्त होतो.

त्यातलं ‘रिव्हर’ डिसेंबरात नाताळच्या गाण्यांबरोबर लावलं जातं, कारण त्याच्या सुरुवातीला पियानोवर ‘जिंगल बेल्स’ची धून उदास होऊन येते. त्या यादीत ते ऐकलं तर सणाच्या दिवसांत एकटी पडलेली मुलगी दिसते, बस. अल्बममध्ये हे गाणं आठवं आहे. सातवं आहे ‘धिस फ्लाइट टुनाइट’. त्यात ती विमानात बसली आहे आणि निघाले तेच चुकलं, हे विमान मागे फिरवा, असं म्हणते आहे. ते संपतं आणि दोन-चार सेकंदांत ‘रिव्हर’ सुरू होतं. इथे तिला गोठलेल्या नदीवरून स्केटिंग करत दूर निघून जायचंय. शिवाय कबुलीही आहे: त्याला रडवलं मी, स्वार्थी मी, माझ्याशी निभावणं अवघड आणि गमावलंही मीच. आधीच्या गाण्यात परत फिरायचंय, या गाण्यात पळून जायचंय. ही ओढाताण एकट्या ‘रिव्हर’मध्ये सापडत नाही, दोन्ही लागोपाठ ऐकली तरच जाणवते. नाताळच्या यादीत ‘तो सोडून गेला’ असा अर्थ लावणारे लोक म्हणूनच फसतात. या अल्बमभर निघून जाणारी बहुतेक वेळा तीच आहे.

पुढे नवव्या ‘अ केस ऑफ यू’मध्ये एक माणूस अजून तिच्या रक्तात भिनलेला आहे. आणि दहाव्या, शेवटच्या गाण्यात प्रेमावरचा विश्वास उडालेला एक जुना मित्र भेटतो, ज्याने पुढे लग्न केलं ते एका फिगर स्केटरशी. आठव्या गाण्यात जिच्या आधाराने सुटका हवी होती ती स्केटिंग इथे दुसऱ्याच्या संसारात येऊन बसली आहे. गाणी उलटसुलट वाजली तर हा धागा हाताला लागत नाही. ‘शेवट जमला नाही’ म्हणणाऱ्यांनी आठवं आणि दहावं एका बैठकीत ऐकलंय का, हे आधी विचारावं.

‘सगळी गाणी सारखी’ हे मत तर सरळ तपासून बघता येतं. पहिलं, चौथं, सहावं आणि नववं गाणं डल्सिमरवर बेतलेलं आहे. अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ भागातलं हे तंतुवाद्य मांडीवर आडवं ठेवून वाजवतात. दुसरं, पाचवं, आठवं आणि दहावं पियानोवर. तिसरं आणि सातवं गिटारवर. पुन्हा एकदा बघा: मुख्य वाद्य लागोपाठच्या दोन गाण्यांत एकदाही तेच नाही. तरीही सारखं वाटतं ते का? ड्रम्स मोजक्याच गाण्यांत आहेत आणि आपला कान आधी ठेका शोधतो. ठेका मिळाला नाही की तो बाकीचं सगळं एकाच खात्यात टाकतो. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या वेळी शब्दांच्या मागे लागू नका, प्रत्येक गाण्याच्या पहिल्या दहा सेकंदांत वाद्य कोणतं बदललं तेवढं पकडा. शब्द समोर ठेवायचे ते दुसऱ्या वेळी.

आनंदी गाण्याची तक्रार ‘कॅरी’बद्दल असते. क्रीट बेटावरच्या मटालातले मजेचे दिवस, नाचरी चाल. ते चौथ्या जागी आहे आणि पाचवं आहे अल्बमच्याच नावाचं ‘ब्लू’, एकटा पियानो आणि आवाज. ‘कॅरी’ गाळलं तर ‘ब्लू’ला पडायला उंचीच राहत नाही. शिवाय त्या मजेतही ती इथून निघायचं म्हणतेच आहे. दुःख म्हणजे संथ लय हे समीकरण प्लेलिस्टवाल्यांचं. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाऊसच्या २००६च्या ‘बॅक टू ब्लॅक’ या अल्बममध्ये प्रेमभंग भरभरून आहे आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांना पाय आपोआप ठेका धरतात.

‘हे गाणं कुठल्या बॉयफ्रेंडवर आहे’ हा खेळ तर कायमचा बंद व्हायला हवा. ‘ब्लू’मधलं तिसरं गाणं ‘लिटल ग्रीन’ प्रियकरावर नाहीच. १९६५ साली जन्मलेली आणि दत्तक द्यावी लागलेली स्वतःची मुलगी, तिच्यावर ते आहे. १९७१च्या श्रोत्यांना याचा पत्ता नव्हता, कितीतरी वर्षांनी ते उघड झालं. नावं शोधत बसणाऱ्यांच्या हाताला इतकी मोठी गोष्ट लागली नाही.

ऐकायचं कसं, तेही सांगायला हवं, कारण निम्मा घोळ फोनच्या सेटिंगमध्येच होतो. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट वाजवणारी सोय, बंद करा. ब्रिटिश गायिका अडेलचा ‘३०’ हा अल्बम आला तेव्हा, नोव्हेंबर २०२१मध्ये, तिच्या मागणीनंतर स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने अल्बमच्या पानावरचं आपोआप शफल करणारं बटण काढलं, पण आपण आधी कधी शफल चालू केलं असेल तर ते तसंच राहिलेलं असू शकतं, म्हणून खूण बघून घ्या. क्रॉसफेड, म्हणजे संपत आलेल्या गाण्यावर पुढचं गाणं चढवणारी सोय, शून्यावर आणा. नाहीतर ‘धिस फ्लाइट टुनाइट’च्या शेपटीवर ‘रिव्हर’चा पियानो चढतो आणि मधली शांतता जाते. ऑटोप्ले बंद करा. ते चालू असलं तर शेवटचं गाणं संपताक्षणी भलतीच कुणीतरी गायला लागते.

आवाजाच्या पातळीचाही एक मुद्दा आहे, तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. स्पॉटिफायवर अल्बम ओळीने वाजवला तर पूर्ण अल्बमची पातळी एकत्र जुळवली जाते, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं. प्लेलिस्टमध्ये किंवा शफलवर प्रत्येक गाण्याची पातळी वेगवेगळी जुळवली जाते. मग ‘लिटल ग्रीन’ आणि ‘कॅरी’ यांच्यातला मुद्दाम ठेवलेला चढउतार सपाट होतो. ‘सगळं सारखंच’ वाटायला हेही एक कारण आहे.

‘ब्लू’ अल्बमच्या मूळ तबकडीला दोन बाजू होत्या, पाच-पाच गाण्यांच्या. पहिली बाजू ‘ब्लू’ या गाण्यावर संपायची, उठून तबकडी उलटायची आणि मग ‘कॅलिफोर्निया’. फोनवर हा थांबा मिळत नाही. पाचव्या गाण्यानंतर एक मिनिट पॉज करा, ‘कॅलिफोर्निया’तली घरी परतायची ओढ कितीतरी मोठी ऐकू येते. प्रवासात ऐकणार असाल तर अल्बम आधीच डाउनलोड करून ठेवा. नाशिकरोडहून निघाल्यावर ३६ मिनिटं इगतपुरीच्या आत बसतात, पण उशिरा सुरू केलं तर शेवटची गाणी कसारा घाटातल्या बोगद्यांत अडकतील, तिथे नेटवर्क जातं.

एकच गाणं ऐकलं असेल तर त्या गाण्यावर खुशाल मत द्या. ‘अ केस ऑफ यू’ एकटंही समर्थपणे उभं राहतं. फक्त त्याला अल्बमवरचं मत म्हणू नका. आणि कुठलाही अल्बम असो, डीलक्स आवृत्ती पहिल्यांदा ऐकायला घेऊच नका. शेवटच्या गाण्यामागे वगळलेली गाणी आणि डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं, जोडली की लिहिणारीने ठरवलेला शेवट मधेच कुठेतरी गाडला जातो. वगळलेली गाणी नंतर वेगळी ऐका, त्यात वाईट काही नाही. ‘ब्लू’ची यादी उघडल्यावर गाणी दहाच आहेत ना आणि शेवटचं ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’च आहे ना, एवढं बघा आणि मग प्ले दाबा.